मोरीमागचं झुडूप

मरतानी माणूस बायकोले काहीतरी सांगून जाते. पेटीची किल्ली कुठं ठेवली, पोराले सांभाळजो, काहीबी. तुमी काय सांगून गेले? "कडू कमी आहे." बस! तीन शब्द टाकले, भितीकडे तोंड केलं, अन् दुसऱ्या दिवशी दुपारी चालले गेले. येत्या माघात दोन वर्ष होतील. ते तीन शब्द माह्या दातात अजून अडकून आहेत. ही माही तक्रार. ती पहिले लिहिली, नमस्कार मागून.

दामूच्या बाबाले नमस्कार.

फोटो तुमचा एकच, प्लांटच्या गेटपासावरचा. त्यात तुमी चोरी करतानी सापडल्यासारखे दिसता. तोच समोर ठेवून लिहून राहिली. मी दुसरीतून उठलेली बाई, काने-मात्रे चुकतील. तुमी तेवढंबी शिकले नाही, तवा हसायचं नाही.

आज कावून लिहिते? इंदूले ताप येऊन राहिला. तुमी गेले तवा तुमची नात रांगत होती, आता चुरूचुरू बोलते. एक दिवसाआड येते ताप, दातावर दात वाजतात, तुमचे वाजत होते तसेच. पोट डाव्या अंगानं टणक लागते. तुमचंबी तिथंच लागत होतं. आपली सून सुकवारो तिले कडेवर घेऊन दवाखान्यात गेली. जातानी दारातून म्हणते कशी, "लहुट के आहूँ त मोरी पाछू के जर ला कोड़हूँ, दाई. इंदू ला पियाहूँ." म्हणजे आली की मोरीमागच्या झुडपाचं मूळ खणणार, अन् उकळून इंदूले पाजणार.

तोच काढा, दामूच्या बाबा! जो तुमाले पाजला.

चारच्या भोंग्यापर्यंत ती येईल. तवर मले ठरवायचं आहे, खणू द्यायचं का नाही. दामूले विचारण्यात अर्थ नाही, तो बायकोनं म्हणलं तर प्लांटच्या चिमणीलेबी ऊस म्हणन. तो काढा ज्याच्या पोटात गेला, त्यालेच विचारलेलं बरं. म्हणून तुमाले लिहिते.

सुनेचं अन् माहं पहिल्या दिवसापासून जमलं नाही, हे तुमाले ठाऊक आहे. कसं जमणार? तुमी प्लांटवाल्याईच्या क्वार्टरच्या भिती उचलत होते, ती डोक्यावर विटा वाहत होती, अन् आमचा दामू तिथं तुमचा डबा घेऊन जात होता. डबा तुमचा, अन् पोट त्याचं भरलं! मी म्हणलं, "आपल्या भंडाऱ्याकडे पोरीचा दुष्काळ पडला काय?" तुमी हातातली थापी न ठेवता हसले. "अवो, पोट्टी कामाची आहे. वीट मोजून ठेवते, फेकत नाही."

घरात पाऊल टाकलं अन् मले म्हणते "दाई". दाई! आमच्याकडे बाळंतपण करणारीले दाई म्हणतात. मी म्हणलं, "मी कोणाची दाई नाही." तुमी मधात पडले.

"इकडं आईले दाई म्हणतात."

"तुमाले कोणी सांगितलं?"

"तिनंच."

झालं! त्या दिवसापासून तुमी तिचे दुभाषे. मी बोलली तर तिले समजत नव्हतं, ती बोलली तर मले समजत नव्हतं, अन् तुमी दोघीमंधी बसून हसत होते. मले कधी पटलं नाही, तुमी बरोबर सांगत होते का आपल्या मनाचं घालत होते.

तिल्लीची गोष्ट आठवते? तुमाले दवाखान्यात नेलं, डॉक्टरनं पोट दाबलं अन् म्हणे, "तिल्ली बढ़ गई है." मी घरी आली, डब्यातले सारे तीळ काढले अन् शेजारणीले देऊन टाकले. संक्रांत आठ दिवसावर! इकडं तिळाले तिल्ली म्हणतात, मले वाटलं तीळ खाऊन खाऊन वाढलं काही. तुमी अंगात ताप असून हसले. "अवो, पाणथरी वाढली! पोटातली, डाव्या बरगडीखालची!" तवा हसले ते शेवटचंच. मी रागावली होती. आता सांगते, मले त्या हसण्याचा तेवढा राग नव्हता आला.

त्या तिल्लीवरच सुकवारोनं झुडूप आणलं. माहेरच्या शेताच्या बांधावरून, मुळासकट, वाळलेल्या शेंगांसकट. जुडी बांधून छपराच्या बांबूले लटकवली. सकाळी कामावर जायच्या पहिले मूळ ठेचून उकळून ठेवायची, अन् सांजच्याले तुमाले गिलासभर द्यायचं काम माह्याकडे. पहिल्या दिवशी तुमी पेले अन् तोंड असं केलं, "बापा! हे औषध आहे का सासूचं बोलणं?" सासू म्हणजे मीच. दुसऱ्या दिवशीबी तेच तोंड.

तिसऱ्या दिवशी मी तिले नाव विचारलं. पहिलेच विचारायले पाहिजे होतं. म्हणते, "सरफोंका आय, दाई. तिल्ली बर बने दवई."

तिल्लीवर चांगलं औषध म्हणे. पण नाव मले ऐकू आलं सर्पफुंका.

सर्पफुंका! सापानं फुंकलेलं! तुमाले विचारलं असतं, पण तुमी ग्लानीत. अन् तुमी तरी काय सांगितलं असतं, तुमी तिच्याच पार्टीचे. मले वाटलं, हिच्या गावातल्या कोण्या बैगानं, मांत्रिकानं, मंतरून दिलेलं हे, अन् दोन गिलास तर पोटात गेलेच.

आता लिहिते ते तुमाले मी कधी सांगितलं नव्हतं. त्या सांजेपासून मी काढा मोरीत ओतला. चहाची भुकटी उकळून गार केली, रंग अगदी तसाच, अन् ते तुमाले पाजलं. नऊ दिवस. छपराची जुडीबी ओढून मोरीमागं भिरकावली. सुकवारोनं विचारलं तर म्हणलं, बकरीनं खाल्ली. तिनं वर बांबूकडे पाह्यलं. बकरी एवढी उंच उडाली का, हे विचारलं नाही. दुसरी जुडी आणली अन् ती आपल्या उशाशी ठेवली.

नऊ दिवस तुमी चहाचं पाणी पेले. तोंड वाकडं केलं नाही. बापा म्हणले नाही. मले वाटलं, तापात जिभेले समजत नसन. अन् नवव्या सांजेले, सुकवारो कामावरून येऊन दारात उभी होती, मी गिलास उचलायले वाकली होती, अन् तुमी म्हणले, "कडू कमी आहे."

मी मान वर केली तवर तुमचं तोंड भितीकडे.

कोणाले म्हणले? माह्याकडे पाहून म्हणले का दारातल्या तिच्याकडे पाहून? माह्यावर चोरी धरली का तिले सांगितलं, पाहा तुही सासू काय पाजून राहिली? का तुमाले सगळं पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, अन् तुमी नुसते पेत राह्यले? कावून? माह्याशी भांडायले भेत होते? चाळीस वर्ष भांडले अन् त्याच टायमाले भेले?

मी गेली दोन वर्ष तिच्यावरच ठेवलं. ते पहिले दोन गिलास, म्हणलं, त्यानंच घात केला. तिच्या हातचा चहा पेली नाही. आपली भाजी आपण केली. गावी भावाले पत्र लिहिलं तर लिहिलं, सुनेनं काहीतरी पाजलं. इथं मजुराईच्या कॅम्पात नळावर बाया एकमेकीले म्हणायले लागल्या, सुकवारो टोनही आहे. टोनही म्हणजे आपल्याकडची चेटकीण. तो शब्द मी काढला नाही, दामूच्या बाबा. पण माह्या तोंडातून गेलेल्या गोष्टीवरच तो उगवला. नळावर ती आली की बाया आपले हंडे बाजूले ओढायच्या, अन् मी तिथंच उभी राहून पाण्याच्या धारेकडे पाहायची. पुसला नाही मी तो शब्द. बरंच वाटलं, असं लिहू? लिहिलं.

अन् त्या झुडपाचं ऐका.

तुमी गेले, त्यानंतरच्या आषाढात मोरीमागं काहीतरी उगवलं. मी लावलं नाही, दामूनं लावलं नाही. मी समजली, हिनंच काहीतरी पुरलं. मी त्याच्यावर पाळत ठेवली. पोलीस ठेवत नाही अशी. हात लावला नाही, साडीचा पदरबी लागू दिला नाही, चार हातावर पाट टाकून बसायची अन् पाहायची. त्याचा कण न् कण मले पाठ आहे, सांगते.

कमरेइतकं वाढलं. खोड बोटाएवढंच, पण लाकडासारखं टणक. बुडापासूनच फांद्या फुटल्या अन् हातपाय पसरून बसलं, जशी काही जागा त्याचीच. पानं चिंचेसारखी ओळीनं, पण चिंच नाही. मी मोजली. एका बाजूले आठ, एका बाजूले आठ, अन् टोकावर एक एकटंच. चिंचेची पानं जोडीजोडीनं संपतात, टोकाले असं एकटं उरत नाही. त्या एकट्या पानावरच माहा पहिला संशय. पानाचं टोक गोल, त्यात बारीक खाच, खाचेत केसाएवढा काटा. वाऱ्यानं उलटलं की मागून पांढुरकं, लव असलेलं. शिरा तिरप्या, एकीले लागून एक, फणीनं विंचरल्यासारख्या.

मंग फुलं. जांभळी-गुलाबी. घाट लाखोळीच्या फुलाचा. एक पाकळी मागं पदरासारखी उभी, दोन बाजूले, अन् खालच्या दोन जुळून नावेच्या डोंग्यासारख्या. तूर, वाटाणा, लाखोळी, साऱ्याची फुलं याच घाटाची. म्हणलं, घराणं तर ओळखीचं आहे. पण त्या घराण्यातले सारे आपल्या ताटात येतात, हे कोणाच्या ताटात जाते? अन् एक उलटी गोष्ट. फुलाचा तुरा पानाच्या बगलेतून निघायचा तर हा पानाच्या समोरच्या अंगानं निघते. मंग शेंगा, चपट्या, दोन पेराएवढ्या, टोकाशी वर वाकलेल्या, उन्हात तडकल्या की पीळ पडून फाटतात. आत सहा-सात राखाडी बिया.

त्यातून एक दिवस पाहते तर झुडपाच्या भोवती बाभळीच्या काट्या रोवलेल्या. कोणी? उन्हाळ्यात बुडाशी ओल. कोणं पाणी टाकलं? मी नाही. मले पक्कं झालं, हे हिचंच काम, अन् हे काहीतरी माह्यासाठीच वाढून राहिलं.

आता साडेतीन झाले असतीन. मी ठरवलं. सुकवारो यायच्या पहिले मी ते झुडूप उपटून चुलीत घालते. इंदूच्या पोटात ते जाऊ देत नाही. तुमाले पटो का न पटो. आली मी.

आली.

हात मातीचे आहेत, कागद मळला तर मळू द्या.

उपटलं नाही.

काट्या काढल्या, दोन्ही हातानं खोड धरलं, जोर लावला तर हालेना. मूळ खाली कुठवर गेलं देव जाणे. माहे हात घसरले अन् एक पान हातात आलं. टोकाकडून ओढून तुटलेलं. मी ते पाह्यलं. अर्धं पान, अन् तुटलेली कड सरळ नाही. बाणाच्या शेपटासारखी, मधात खोल, दोन बाजूनं तिरपी.

दुसरं ओढलं. तसंच. तिसरं. तसंच.

मी तिथंच मातीत बसली.

वैनगंगेच्या काठचा आमचा बांध. मी इंदूएवढीच असन. उन्हाळ्यात लघवीले जळजळ झाली की माही माय मले घेऊन बांधावर जायची. झुडपं दाखवायची, अन् एक पान ओढायले सांगायची. "बाणासारखं तुटलं तर आण. सरळ तुटलं तर फेक." तिकडं कोरड्यात ते गुडघ्याएवढंच राहते, म्हणून मी इथं ओळखलं नाही. मोरीचं पाणी पिऊन कमरेले लागलं ना! अन् पान ओढून पाहायची तर मी कधी हिंमतच केली नाही. दीड वर्ष चार हातावरून पाह्यलं.

ही उन्हाळी आहे, दामूच्या बाबा. आपली उन्हाळी. माह्या मायनं मले पाजलेली. तिचं मूळ कडू. बापा! म्हणण्यासारखं कडू.

अन् ती मोरीमागं कोणं लावली? मीच. त्या जुडीतल्या शेंगा फुटल्या असतीन.

तवाच भोंगा वाजला. पाह्यलं तर सुकवारो मागं उभी. इंदू तिच्या खांद्यावर झोपलेली, एका हातात गोळ्याची पुडी. ती माह्याकडे पाहे, काढलेल्या काट्याकडे पाहे. मीच म्हणलं, "हे आमच्याकडे उन्हाळी आहे."

ती म्हणते, "हमर में सरफोंका."

"सर्प कुठला आला त्यात?"

तिनं खाली बसून एक पान ओढलं अन् माह्या तळहातावर ठेवलं. "सरप नइ, दाई. सर. सर माने तीर."

सर म्हणजे बाण. माह्या मायनं तेच तर सांगितलं होतं, दुसऱ्या नावानं.

मंग तिनं इंदूले माह्या मांडीवर दिलं, घरातून सब्बल आणली, अन् खणायच्या पहिले थांबली. माह्याकडे न पाहता म्हणते, "ए दारी झन फेंकबे, दाई."

या बारीले फेकू नको.

ऐकलं का? तिले ठाऊक होतं! मी म्हणलं, "तुले कवापासून माहीत आहे?" ती सब्बल मारत मारत म्हणते, "जुड़ी ह अपन गोड़ म रेंग के नइ जाय." जुडी आपल्या पायानं चालत जात नाही. म्हणजे इथं उगवलं तवाच तिले समजलं, कोणत्या बकरीनं जुडी खाल्ली. "अन् काट्या?" "बोकरी मन खा डारतिन." बकऱ्यानं खाऊन टाकलं असतं म्हणे. खरी बकरी!

दोन वर्ष तिनं तोंड उघडलं नाही. दामूले नाही सांगितलं. नळावर बाया हंडे ओढत होत्या तवा नाही सांगितलं, की काढा तर या बुढीनंच फेकला. एका वाक्यात उभ्या कॅम्पात माही इज्जत गेली असती. कावून नाही सांगितलं? मी विचारलं. तर म्हणते, पहिले मूळ निघू दे. ती अजून मागं खणून राहिली, मी इंदूले निजवून इथं लिहायले बसली.

माहा स्वभाव तुमाले ठाऊक आहे. मले यातबी संशय येते. एवढं पोटात ठेवणारी बाई साधी नसते.

ते नऊ गिलास तुमी पेले असते तर वाचले असते का? मले माहीत नाही. डॉक्टर तर झाडपाल्याले हसते. इंदूच्या गोळ्या डॉक्टरच्याच चालतीन, तो म्हणन तेवढ्या, त्यात मी कोणालेबी खाडा करू देणार नाही. काढाबी त्याले विचारूनच, हे मी सुकवारोले सांगितलं. तिनं होकाराची मान हलवली. पण एक पक्कं. तुमाले तिनं मारलं नाही. तिनं जे दिलं ते तुमच्या पोटात गेलंच नाही. अन् जे दोन गिलास गेले, ते माह्या मायचंच औषध होतं. दोन वर्ष मी आपल्याच मायले चेटकीण म्हणून राहिली.

रडून नाही राहिली मी. मातीचा हात डोळ्याले लागला.

आता कबूल करते ते ऐका. उद्या सकाळी नळावर बाया भरल्या की मी सुकवारोसंग जाईन. तिचा हंडा मी आपल्या हातानं पहिल्या नंबरावर ठेवीन. अन् साऱ्याईसमोर सांगीन की काढा मीच ओतला, नऊ दिवस, नाव ऐकण्यात चुकली म्हणून. ज्या बाईले टोनही म्हणायचं तिनं मले म्हणावं, मी तिथंच उभी आहे. भावालेबी दुसरं पत्र जाईन. अन् आज सांजेपासून तिच्या हातचा चहा पिईन. साखर जास्त टाकते ती, ते मात्र बोलीनच.

राह्यला तुमचा तो सवाल. "कडू कमी आहे" म्हणतानी तुमी कोणाकडे पाह्यलं? मी तर वाकली होती. दारात उभी होती ती. तुमचे डोळे तिनं पाह्यले. तवा हे पत्र मी तुमच्या गेटपासाखाली ठेवत नाही, तिच्याच हातात देते. चौथीपर्यंत शिकली आहे, अक्षर हिंदीचंच आहे, लावन वाचून. तुमी आता उत्तर देऊ नोका, तुमचा टाइम गेला. दामूनं मधात तोंड घालायचं नाही, अन् कोणी दुभाषा बसायचा नाही.

उत्तर सुकवारोनंच द्यायचं. तिच्याच बोलीत, माह्या तोंडावर, अन् मूळ निघाल्याबरोबर.

तुमची,
दामूची आई
(अन् आजपासून सुकवारोची दाई)